पलीकडचा चहा

समोरच्या खिडकीत पिवळा टॉवेल लटकला, की ब्रेकमास्तर चहाचं आधण ठेवत. टॉवेल ताईचा. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. रस्त्याच्या पलीकडे, अगदी नाकासमोरच्या घरात, वरच्या मजल्यावर राहणारी. मास्तर अलीकडे, तेही वरच्याच मजल्यावर. दोघंही आता एकेकटी. टॉवेलाचा अर्थ एवढाच, की दुपारची झोप झाली, चहा टाकतेय, ये.

पूर्वी टॉवेल दिसला की मास्तर पायात चपला सरकवून निघायचे आणि ताईच्या चहाला उकळी फुटायच्या आत तिच्या स्वयंपाकघरात हजर व्हायचे. आपण रस्ता ओलांडतोय, असं त्यांच्या कधी मनातसुद्धा आलं नाही. रस्ता कसला, दोन घरांमधलं मोठंसं अंगणच ते. म्हातारी माणसं तिथं खुर्च्या टाकून बसत. शिंप्याचं मशीन उजेडासाठी निम्मं दाराबाहेर असे. पोरं खडूनं रेघा मारून खेळत आणि सायकलवाले त्या रेघा चुकवून जात, कारण नाही चुकवल्या तर पोरं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. एखादी मोटार आलीच, तर बिचारी खाकरत खाकरत यायची. मग खुर्च्या उचला, पोरं हटवा, कुत्रं उठवा. कुत्रं काही उठायचं नाही. शेवटी मोटारच त्याला वळसा घालून जायची.

आता विचारू नका. इकडून जाणाऱ्या गाड्यांच्या तीन रांगा, तिकडून येणाऱ्यांच्या तीन, मधे दुभाजक, दुभाजकावर लोखंडी कठडा आणि कठड्याच्या दोन्ही अंगांना माणसाच्या डोक्याला लागतील एवढी झुडपं. ज्याला पलीकडे जायचं असेल त्यानं खुशाल जावं, नाही कोण म्हणतो? पार त्या टोकाला पूल बांधून ठेवलाय की पायी जाणाऱ्यांसाठी. त्याचे जिने नुसते बघूनच गुडघे रडायला लागतात. हा पूल ज्यानं काढला, त्याच्या हातात दुधाच्या पिशव्या देऊन त्याला एकदा चढवा, असं ताई म्हणायची. आणि काय चुकलं तिचं? पायांनी चालणाऱ्यानं वर आकाशात चढायचं आणि ऐसपैस बसून जाणाऱ्यानं खालून सपाट जायचं, हा कुठला न्याय झाला?

मास्तरांच्या गुडघ्यांनी तो पूल कधीच नाकारला होता. ताईला चढाचा दम लागायचा. रिक्षा करावी, तर तीही जाणार लांबच्या उड्डाणपुलाखालून वळून. म्हणजे समोरच्या घरी जायला आधी गावाबाहेर जायचं! तेव्हा दोघांनी आपापल्या परीनं तोड काढली. टॉवेल लटकला की मास्तर इकडे चहा ठेवत, ताई तिकडे. कप घेऊन दोघं आपापल्या खिडकीत बसत आणि फोन लावत. ताई तिकडून कप उंच करून दाखवी, मास्तर इकडून. चहा संपेपर्यंत बोलणं. गाड्यांच्या आवाजात निम्मं ऐकू येत नसे, आणि उरलेल्या निम्म्यात "काय? काय म्हणालीस?" एवढंच असे.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत बरं का. त्यांनी आयुष्यभर लोकांना मोटार चालवायला शिकवलं. गंमत अशी, की इतर शिकवणाऱ्यांच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, तो यांच्या गाडीत नव्हता. गाडी जुनी, ब्रेक बसवायला पैसे नाहीत, आणि पुढे पैसे आले तेव्हा मास्तरांना त्याची गरज वाटेना. त्यांचा ब्रेक म्हणजे त्यांचा हात. शिकाऊ माणूस गोंधळला, की मास्तर समोरच्या फळीवर दोन सणसणीत थापा मारत आणि ओरडत, "दाब!" त्या आवाजानं भल्याभल्यांचा उजवा पाय मेंदूला न विचारता खाली जायचा. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं आणि त्या सगळ्यांच्या पायात ती थाप कायमची मुरली. एकदा बँकेत कुणी चिडून टेबलावर दोनदा हात आपटला, तर आत बसलेल्या कॅशियरनं जमिनीवर असा पाय हाणला की त्याची चप्पल तुटली. तेव्हापासून मास्तरांचं नाव ब्रेकमास्तर पडलं.

गावाला चालवायला शिकवलं, पण एक बाई काही त्यांच्या हाती लागली नाही. ताई. ती म्हणायची, "मला माझी सायकल बरी. तुझ्या त्या डब्यात बसलं की ओळखीचं माणूससुद्धा नुसतं आडवं आलेलं वाटतं." टपाल कचेरीत नोकरी केली तिनं, आणि शेवटच्या दिवसापर्यंत सायकलवर गेली. वाटेत सतरा ठिकाणी थांबत, याची त्याची चौकशी करत.

सायकल तर त्या दोघांची जुनी कहाणी. वडिलांची मोठी सायकल होती, मधे दांडा असलेली. ताई ती दांड्याखालून पाय घालून, वाकडी होऊन, कुणीही न शिकवता शिकली. मग तिनं धाकट्याला शिकवायचा घाट घातला. याच रस्त्यावर. हा वर चढून बसलेला, जीव मुठीत धरलेला, आणि ती मागून सीट धरून पळतेय.

"ताई, धरलंयस ना?"

"धरलंय! समोर बघ, मागे बघू नकोस!"

"धरलंयस ना गं?"

"धरलंय म्हटलं ना!"

आवाज जरा लांबून आला, म्हणून धाकट्यानं मागे बघितलं. ताई पार फाटकापाशी, कमरेवर हात ठेवून दात काढत उभी! हातात काहीसुद्धा धरलेलं नाही. ते बघितलं आणि मग हा पडला. गुडघा सोलवटला, शिंप्यानं मशीन थांबवून चिंधी बांधली. "तू खोटं बोललीस," हे मास्तर त्यानंतर जन्मभर तिला ऐकवत आले, आणि ताई जन्मभर एकच उत्तर देत आली, "सायकल आली ना?"

रस्ता रुंद होणार असं ठरलं, तेव्हा दोघांचं चांगलंच वाजलं होतं. मास्तर खूश. गाव पुढे चाललंय, गाड्या वाढणार, शिकणारे वाढणार. सभेत त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. ताई म्हणाली, "सगळे गाडीत बसून जाणार, ते ठीक. पण जाणार कुठं? जायची सगळी ठिकाणं तर तुम्ही पाडताय." मग तिचं फाटक गेलं, फाटकापाशीचं झाड गेलं, मास्तरांच्या पायऱ्या गेल्या, शिंपी तर कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही. झाड पाडलं त्या दिवशी ताईनं टॉवेल लावला नाही. दुसऱ्या दिवशी लावला. रागावून किती दिवस राहणार? चहा एकटीला कडू लागतो, असं तिनंच सांगितलं.

तर आता मुद्द्यावर येतो. त्या दिवशी टॉवेल नेहमीच्या वेळी लटकला. मास्तरांनी चहा केला, कप घेऊन खिडकीत बसले, फोन लावला. फोन वाजत राहिला. ताईच्या खिडकीत कुणीच नाही. असेल न्हाणीघरात, म्हणून त्यांनी कप खाली ठेवला. पुन्हा फोन. पुन्हा तेच. चहावर साय धरली. टॉवेल वाऱ्यानं हलत होता आणि त्याच्यामागे रिकामी खुर्ची दिसत होती.

मास्तरांना आदल्या दिवशीचं बोलणं आठवलं. ताई फोनवर म्हणाली होती, "धाकट्या, तुला एक सांगायचंय." तेवढ्यात खालून मालट्रक धडधडत गेला, मग दुसरा, आणि वैतागून मास्तर म्हणाले होते, "काही ऐकू येत नाहीये गं. उद्या बोलू." आणि फोन ठेवून दिला होता. काय सांगायचं होतं तिला? छातीत दुखत होतं? चक्कर येत होती? पडली असेल का? त्या घरात हाक ऐकायला दुसरं माणूस नाही. आणि हाक मारून मारून मारणार कुणाला? पूर्वी तिनं "अरे" म्हटलं की इकडे कळायचं.

ते उठले. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं गुडघा धरत जिना उतरले. पूल, रिक्षा, उड्डाणपूल, सगळं मनात येऊन गेलं, पण तेवढा वेळ कुणाकडे होता? समोरच दुभाजकाच्या कठड्याचा एक गज कुणीतरी कापून ठेवलेला होता. तेवढ्या फटीतून माणूस जातो, हे त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. कापणाऱ्याचं देव भलं करो.

रस्त्याच्या कडेला येऊन ते उभे राहिले, आणि तिथंच राहिले. पाय पुढे टाकला की हॉर्न. मागे घेतला की दुसरीचा हॉर्न. एक गाडी जाते न जाते तोच तिच्या मागची नाकाला घासून जाते. "अरे, थांबा रे! म्हाताऱ्या माणसाला जाऊ द्या!" कोण ऐकतंय? काचा बंद, आत गाणी. गाड्यांमधली माणसं त्यांच्या आरपार बघत होती. ज्या गावानं रस्त्यात थांबवून थांबवून नमस्कार केला, त्या गावाला आज आपण दिसत नाही, याचं मास्तरांना रडूच आलं. नंतर आला राग. शेजारी खांबावर पत्र्याची पाटी होती, 'रस्ता ओलांडू नये'. मास्तरांनी हात उगारला आणि त्या पाटीवर दोन सणसणीत थापा हाणल्या.

"दाब!"

करकचून ब्रेक लागला. कडेच्या रांगेतली पांढरी गाडी जागच्या जागी थांबली. पलीकडच्या रांगेत एक टेम्पो डुलत डुलत थांबला, आणि आतला टक्कल पडलेला माणूस आपल्याच पायाकडे बघत बसला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

पांढऱ्या गाडीची काच खाली झाली. आत दातांची डॉक्टरीण. तिला शिकवताना मास्तरांचा तळहात लाल व्हायचा.

"सर! तुम्ही रस्त्यात काय करताय? गाडी बंद पडली का?"

"गाडी कुठली? मला पलीकडे जायचंय."

"मग बसा ना, सोडते! उड्डाणपुलाखालून वळलं की आलंच."

"अगं, पलीकडे म्हणजे हे पलीकडे! समोर! ते घर, टॉवेल दिसतोय ते. ताई फोन उचलत नाहीये."

"चालत?" तिला खरंच कळेना. मग चेहरा उतरला. "सर, तुम्ही जा. मी वळसा घालून येतेच तिकडे. तुम्ही जा!"

तिनं गाडी तशीच उभी धरून ठेवली. टेम्पोवाल्यानंही हात बाहेर काढून मागच्यांना अडवलं. तिसऱ्या रांगेतल्या एकाला थांबायचं नव्हतं, पण मास्तर समोर आलेच म्हटल्यावर करतो काय? त्याच्या शिव्या खात मास्तर दुभाजकावर चढले, गज कापलेल्या फटीत आधी खांदा घातला, मग पोट, आणि झुडपांतून पलीकडे निघाले.

तर समोर आधी दिसली ताईची कापडी पिशवी. मग थर्मास. मग खुद्द ताई. दुभाजकाच्या दगडावर, झुडपाला टेकून, मांडीवर हात ठेवून, फलाटावर गाडीची वाट बघावी तशी बसलेली.

मास्तरांनी मटकन बसकण मारली. "ताई! अगं, तू इथं काय करतेयस?"

"आलास?" ताई म्हणाली. "मी तुझ्याकडेच निघाले होते. टॉवेल लावला, चहा भरून घेतला आणि आले. तिकडे सिग्नलला गाड्या थांबल्या असतील, रस्ता जरा मोकळा वाटला, म्हणून निम्मा आले. इथं आल्यावर तू सांगितलेली ती फट काही सापडेना. मागे फिरावं, तर गाड्या पुन्हा सुरू. मग बसले."

"आणि फोन?"

"राहिला की टेबलावर. शेजारच्या घरी चहाला जाताना फोन कोण नेतं?"

"अगं, पण कुणाला तरी हाक मारायचीस! एवढ्या गाड्या जातायत!"

"एकानं काच खाली केली होती. मी हात केला. त्यानं रिकामी बाटली फेकली आणि गेला."

मास्तरांना हसावं की रडावं ते कळेना. मग त्यांनी दोन्ही केलं. नंतर एकदम चिडले. "तुला कळतं का काही? या वयात असा रस्ता ओलांडतात? जीव गेला असता म्हणजे? एवढं काय अडलं होतं?"

ताईनं पिशवीतून दोन कप काढले, फडक्यानं पुसले.

"काल सांगणार होते," ती म्हणाली. "तू फोन ठेवलास. धाकट्या, मला तू दिसत नाहीस रे. बरेच दिवस झाले. डोळ्यांपुढे नुसतं धुकं आहे. खिडकी आहे एवढं कळतं. मी रोज नुसत्या खिडकीला कप दाखवतेय. तू दाखवतोयस की नाही, तेसुद्धा मला कळत नाही."

"मी रोज दाखवतो," मास्तर म्हणाले. "एकही दिवस चुकवला नाही, ताई."

"मला वाटलंच होतं. पण बघावंसं वाटलं जवळून." तिनं हात पुढे करून त्यांचा चेहरा चाचपला, कपाळ, गाल. "दाढी केली नाहीस."

थर्मासमधला चहा अजून गरम होता. दोन्ही अंगांनी गाड्या धावत होत्या, कपात धूळ पडत होती, आणि ही दोघं दगडावर गुडघ्याला गुडघा लावून चहा पीत बसली होती. आपण कुठं बसलोय, याचा ताईनं अंदाज घेतला. "इथंच ते कुत्रं पडायचं ना रे?"

"जरा इकडे. शिंप्याच्या दारासमोर."

"आणि तू पडलास तो कुठं?"

"त्या तिथं, निळी गाडी गेली ना आत्ता, तिथं. तू खोटं बोललीस."

"सायकल आली ना?"

दोघं हसली. किती तरी दिवसांनी दोघांना एकमेकांचं हसणं फोनशिवाय ऐकू आलं. मास्तरांना वाटलं, कप संपूच नये. साखर जास्त झाली होती, पण त्यांनी तक्रार केली नाही.

"चल," ताई म्हणाली. "दूध उघडं टाकून आलेय मी. माझ्याकडेच चल. आणि उद्या मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा."

चल म्हणणं सोपं. तिच्या बाजूच्या तीन रांगा भरून वाहत होत्या आणि थंडीचे दिवस, आता दिवेही लागले होते. मास्तरांनी कठड्यावर थापा मारून पाहिल्या, पण लोखंडी कठडा नुसता दबका वाजला. ओरडून घसा बसला. ते पुन्हा हात उगारणार, एवढ्यात लांबून एक पांढरी गाडी चारी बाजूंचे दिवे लुकलुकवत आली आणि दुभाजकापासून दोन रांगा अडवून, चक्क आडवी उभी राहिली. दातांची डॉक्टरीण! एवढा चहा पिऊन झाला, तेव्हा कुठं बाईंचा तो वळसा संपला होता.

"सर, आले बघा! बसा दोघंही पटकन!"

"बसून काय करू? घर तिथं दिसतंय! तू फक्त दाबून धर."

"धरलाय, सर! पण पलीकडच्या रांगेतून गाड्या घुसतायत, जपून!"

घुसत होत्याच. उरलेल्या रांगेतून स्कूटरी सुळसुळत होत्या, एक मोटार तर पदपथावर चाक चढवून निघाली होती. मास्तर दगडावरून खाली उतरले. त्यांनी मागे हात केला, तर ताई म्हणाली, "हात नको. हात तुला पुढे लागेल, थांबवायला. तू चाल." आणि तिनं मागून त्यांच्या सदऱ्याची पाठ मुठीत पकडली.

मास्तर पांढऱ्या गाडीच्या पुढून निघाले. दिव्यांच्या झोतात त्यांना स्वतःची सावली लांबच लांब पडलेली दिसली. ताईची सावली मागे आहे की नाही, ते वळून बघावंसं त्यांना फार वाटलं.

"ताई, धरलंयस ना?"

"धरलंय. समोर बघ, मागे बघू नकोस."

एक स्कूटर आली. मास्तरांनी हात आडवा केला. ती थांबली. पाऊल पुढे टाकलं.

"धरलंयस ना गं?"

"धरलंय म्हटलं ना!"

आवाज अगदी पाठीशी होता. सदऱ्याची कॉलर मागे ओढली जाऊन मास्तरांच्या गळ्याला चांगलीच काचत होती. त्यांनी ती सैल केली नाही.